विश्लेषण : इंजिनात नट पडला, पुढे काय?

कार्बुरेटरवरचा एअर फिल्टर काढताना त्याला धरून ठेवणारा पंखांचा नट बोटांतून निसटतो. एकदा ‘टण्’ असा आवाज होतो, मग एक बारीक ‘टिक्’, आणि पुढे काहीच नाही. खाली फरशीवर नट नाही, चॅसीच्या कडेला नाही, बॅटरीखालीही नाही. जुन्या गाडीच्या इंजिनाला हात लावलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण आलेला असतो. नट पडणे हा अपघात नव्हेच. अपघात होतो तो पुढच्या मिनिटात कुणीतरी ‘बाहेर पडला असेल कुठेतरी’ म्हणत सेल्फ मारतो तेव्हा.

हा विषय आता काढण्याला कारण आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवलेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची. आता ज्या पद्मिनी उरल्या त्या हौशी मालकांच्या, घरच्या, आजोबांनी घेतलेल्या. टॅक्सी होत्या तोवर हे इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते. आता ते काम क्वचित येते, आणि आले की अनेकदा ज्याने असे इंजिन पूर्वी फारसे पाहिलेले नाही अशा हेल्परच्या हाती जाते. वस्तू पडण्याची शक्यता वाढली आणि पडल्यावर होणारे नुकसान भरून काढणेही अवघड झाले. कारण कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

सहा मिलिमीटरच्या नटाने असे काय बिघडते?

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. कार्बुरेटर वरून खाली श्वास घेणारा, म्हणजे त्याचे तोंड आभाळाकडे. झाकण काढले की ते उघड्या विहिरीसारखे असते. त्यात पडलेली वस्तू थ्रॉटलच्या चकतीवर अडकली तर नशीब. चकती उघडी असेल तर ती थेट मॅनिफोल्डमध्ये जाते आणि तिथून, व्हॉल्व्ह उघडा असेल तर, सिलिंडरमध्ये.

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याच्या सपाट डोक्यात आणि वरच्या हेडमध्ये काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा तिथे जाऊन आदळतो. तेवढ्या जागेत पोलादी नट असला तर हार पिस्टनची आणि हेडची होते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, हेडही अ‍ॅल्युमिनियमचे, दोन्ही मऊ. हेडवर खड्डे पडतात, प्लगचे टोक चेपले जाते. नट व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, वाकतो, क्वचित पिस्टनला भिडतो. सेल्फ फक्त एक सेकंद मारला, इंजिन चालूही झाले नाही, तरी तेवढ्यात पिस्टन दोन-तीनदा वर येऊन गेलेला असतो. ‘मी लगेच बंद केली’ याला म्हणून फारसा अर्थ नाही.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही इतकी महागडी. सिलिंडरमध्ये पडलेला तुकडा तिथेच राहील असे नाही. व्हॉल्व्ह उघडा असताना तो उसळून पुन्हा मॅनिफोल्डमध्ये येऊ शकतो आणि शेजारच्या सिलिंडरमध्ये ओढला जाऊ शकतो. हेड उतरवल्यावर दोन-दोन पिस्टनांवर सारखेच ओरखडे दिसतात आणि नट मात्र एकच सापडतो, तो यामुळे.

‘चेंबरमध्ये पडला, राहू दे’

गॅरेजमधले हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच जास्त धोक्याचे. टॅपेट सेट करायला हेडचे वरचे झाकण काढले की पुशरॉडची भोके उघडी पडतात. त्यातून निसटलेला नट किंवा व्हॉल्व्हचे लॉक खाली तेलाच्या चेंबरमध्ये पोहोचू शकते. तिथे ते तळाशी बसले, तर ऑइल पंपाच्या तोंडाला जाळी असल्याने ते आत खेचले जात नाही आणि वर्षानुवर्षे काही होत नाही, अशी उदाहरणे मिस्त्री सांगतात. ती खोटी नसतात. पण ‘चेंबरमध्ये पडला’ हे कुणी पाहिलेले असते? वाटेत टॅपेटपाशी अडकला असेल, कॅमच्या कडेला टेकला असेल, पुढच्या बाजूने टायमिंग चेनकडे गेला असेल. चेंबर उतरवून पाहायचे म्हणजे तेल काढणे, पॅकिंग नवे टाकणे, दिवसभराची मजुरी. हा खर्च करायचा की जोखीम घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार गाडीच्या मालकाचा आहे. मिस्त्रीने ते मनातल्या मनात ठरवून टाकणे योग्य नाही, मग त्याचा अंदाज दहापैकी नऊ वेळा बरोबर का ठरेना.

न सांगण्यामागचे कारण मात्र केवळ लबाडी हे नसते. ज्याच्या हातून वस्तू पडते तो बहुधा सर्वात लहान माणूस असतो. उस्ताद ओरडणार, चारचौघांत लायकी काढणार, कधी पगारातून पैसे कापणार, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे तो डब्यातून तशाच मापाचा दुसरा नट काढतो आणि लावून टाकतो. गाडी पूर्ण दिसते. इथे दोष हेल्परच्या हातापेक्षा त्याला गप्प बसवणाऱ्या गॅरेजचा जास्त आहे. आणि थोडा मालकाचाही, जो दर अर्ध्या तासाने फोन करून ‘झाली का?’ विचारतो आणि शोधाशोधीच्या दोन तासांचे पैसे द्यायला कुरकुरतो.

विमानांच्या दुरुस्तीत याचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, काम संपले की मोजणी, आणि एक जरी कमी भरले तर ते सापडेपर्यंत किंवा विमानात नाही याची खात्री होईपर्यंत विमान सोडायचे नाही. तरीही माणूस चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस इथे तपासणी झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या एका ए-३८० विमानाच्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार राहून गेले. १ जानेवारी २०२४ रोजी ते सापडले तोवर विमानाने ३४ उड्डाणे केली होती. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या तपासात दिसले ते असे, की हत्यार कमी आहे हे कळूनही ते शोधण्याची ठरलेली प्रक्रिया सुरू न करताच विमान सोडले गेले. एवढ्या कडक नियमांच्या जगात हे होते, तर चार पान्यांच्या गॅरेजमध्ये ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे कुणी सांगू नये.

पडलाच तर काय करावे?

पहिले म्हणजे, हात थांबवावेत. गाडी ढकलू नये, किल्ली काढून घ्यावी, बॅटरीची तार सोडवावी. तीही बॉडीला जोडलेली तार आधी. तिच्यावर असताना पाना निसटून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. दुसरी तार आधी सोडवायला गेलात तर तोच पाना शॉर्ट सर्किट करतो, आणि शोधायला आलेला माणूस हात भाजून घेतो. मग आवाज आठवावा. पोलाद पत्र्यावर पडल्याचा आवाज वेगळा, अ‍ॅल्युमिनियमवरचा वेगळा.

दांडीला लावलेले चुंबक प्रत्येक गॅरेजात असते, पण ते सगळ्याला चिकटत नाही. कार्बुरेटरचे जेट पितळी असतात. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि बऱ्याच प्रकारचे स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाहीत. ‘चुंबक फिरवले, काही नाही’ हा पुरावा फक्त लोखंडी वस्तूपुरता. पितळी जेटसाठी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस हा जुना उपाय अजूनही चांगला. व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी लावून ओढण्याचा मोह होतो; पेट्रोलची वाफ असलेल्या जागी तो टाळलेलाच बरा, आतल्या मोटरच्या ठिणगीने आग लागू शकते. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता बऱ्या गोटी पान्याच्या संचापेक्षा स्वस्त मिळतो. प्लगच्या भोकातून तो आत घातला की हेड न उतरवता पिस्टनचा माथा दिसतो. सापडले नाही, तर सगळे प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून इंचाइंचाने ढकलावी, आणि जरा अडकले की तिथेच थांबावे. पण हे सगळे शोधून झाल्यावर, आधी नाही.

पडू नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. कार्बुरेटरच्या तोंडात मोठा, भडक रंगाचा फडका कोंबावा. छोटा मळकट फडका स्वतःच आत विसरला जातो. व्हॉल्व्हचे लॉक काढण्याआधी पुशरॉडची भोके बुजवावीत. हेड न उतरवता स्प्रिंग बदलायची असेल तर व्हॉल्व्हच सिलिंडरमध्ये पडण्याची भीती असते. त्यासाठी जुने मिस्त्री प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडतात आणि पिस्टन वर आणून तिचा गठ्ठा व्हॉल्व्हखाली दाबून धरतात. दोरीचे टोक बाहेर ठेवलेले असते, त्यामुळे ती विसरली जात नाही. प्रत्येक जोडाचा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि सुटे भाग एका थाळीत क्रमाने ठेवावेत.

काम संपल्यावर त्या थाळीत कधीकधी एखादा वायसर उरतो. तो ‘जास्तीचा’ म्हणून डब्यात जातो. मालकाने गाडी घ्यायला गेल्यावर तो थाळीसकट पाहायला मागावा, फोटो काढून घ्यावेत आणि तो वायसर कुठला हे हेल्परला विचारावे, उस्तादसमोर, पण आवाज न चढवता. उत्तर मिळेपर्यंत किल्ली खिशातच ठेवावी.