मायाळू बाई नव्हे, जाणती शिक्षिका

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीत, एका सरकारी मराठी शाळेत चौथीच्या वर्गात मागे बसून मी गणिताचा एक तास पाहिला. पंचविसाचा पाढा काही केल्या मुलांच्या तोंडी बसत नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आई हजार विड्या वळते, तेव्हा बंडलं किती होतात?" खिडकीजवळची एक मुलगी ताडकन म्हणाली, "चाळीस!" आईच्या मांडीवरच्या सुपातल्या विड्यांना दोरा बांधता बांधता तिनं पंचवीस-पंचविसाची बंडलं कितीदा तरी मोजली होती. "आणि पाचशे वळल्या तर?" "वीस!" आता सगळा वर्गच बोलू लागला. गुणाकार झाला, भागाकार झाला, छाटात गेलेल्या, म्हणजे नाकारलेल्या, विड्यांची वजाबाकीही झाली. तास संपल्यावर बाई मला हळूच म्हणाल्या, "हे कुठं सांगू नका. आजच्या टाचणात हे नव्हतं."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. पण एवढं चांगलं शिकवणारी बाई ते लपवते का, हे मात्र मांडायलाच हवं.

आपल्याकडे एक समज फार जुना आहे: बायका जात्याच मायाळू, म्हणून लहान मुलांना शिकवणं हे त्यांचंच काम. बेळगाव-निपाणीकडे मुलगी बारावी झाली की घरचे सांगतात, "डी.एड. कर, घर सांभाळून होतं." शिक्षकदिनाच्या भाषणात शिक्षिका 'दुसरी आई' होते. हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. तरीही हा समज चुकीचा आहे, आणि घातकही आहे. वर पाहिलेला तास मायेनं झाला नाही. मूल कुठं अडलंय हे ओळखणं, त्याच्या घरातला नेमका आकडा शोधणं, पुस्तक कधी मिटायचं हे ठरवणं, याला विद्या लागते. रोगी बरा झाला की आपण डॉक्टरच्या ज्ञानाला श्रेय देतो. मूल शिकलं की बाईंच्या स्वभावाला का देतो?

आणि जे मायेपोटी केलं म्हणायचं, त्याचा मोबदला मागता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, गुरं चारणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात भरवावी, हे सगळं या बायकांनी स्वतःच्या अनुभवातून शोधून काढलं. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिनं 'अंगणवाडी' हे नाव घेतलं, पण ते नाव घडवणाऱ्यांचा अधिकार घेतला नाही. महाराष्ट्रात आज तिथं काम करणारी बाई 'सेविका' आहे आणि तिला मिळतं ते 'मानधन'. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत रिकाम्या जागांवर नेमलेले 'अतिथी शिक्षक' महिन्याला दहा-बारा हजारांवर शैक्षणिक वर्षभर पूर्ण वर्ग चालवतात. तेही मानधनच. पगार हक्काचा असतो, मानधन उपकाराचं. मला हा शब्द आता ऐकवत नाही.

दुसरा समज उघडपणे कमी बोलला जातो, पण पारावर हमखास ऐकू येतो: "मास्तरकी बायकांच्या हाती गेली आणि तिचा मान गेला." देशात २०२४-२५ मध्ये शाळाशिक्षकांत स्त्रिया ५४ टक्के होत्या, हे खरं. पण मानाचं कारण तिथं नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शिकवायला सुरुवात केली, तेव्हा अंगावर शेण झेलूनही वर्गात काय चालेल हे त्या स्वतः ठरवत होत्या. आपल्याच बेळगावात कवयित्री इंदिरा संत यांनी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवलं, पुढे त्या प्राचार्य झाल्या. अशा बायकांच्या हाती गेल्यामुळे या पेशाचा मान वाढलाच. मान गेला तो निर्णय वर्गातून कचेरीत गेल्यामुळे.

कर्नाटकातल्या 'नलीकली' या शिकवण्याच्या पद्धतीचंच पाहा. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेचं काम पाहून, स्वतः कार्डं आणि शिकण्याच्या पायऱ्या तयार करून ही पद्धत उभी केली. मुलं शाळेत रमू लागली. २००९-१० च्या सुमारास ती राज्यभर लागू झाली. पहिल्या शिक्षकांच्या हातात होती ती निर्मिती, नंतरच्यांच्या हाती आलं ते पालन. कार्डं आयती, पायऱ्या ठरलेल्या. त्या पद्धतीचा जीवच शिक्षकाच्या शोधात होता, आणि तोच वगळून बाकी सगळं पाठवलं गेलं.

"पण शिक्षक कामचुकार आहेत, लगाम नको का?" हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. न शिकवणारे शिक्षक मीही पाहिलेत आणि त्यांच्यामुळे गरिबाच्याच मुलाचं नुकसान होतं. जाब विचारलाच पाहिजे. पण आजचा लगाम शिकवण्यावर नाहीच. किती अंडी उकडली, किती केळी वाटली, कोणते फोटो चढवले, विद्यार्थ्यांच्या माहितीच्या 'एसएटीएस' प्रणालीत नोंद झाली का, एवढंच तो विचारतो. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकाचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण निघालं आणि शिक्षक दारोदार फिरले. काम पुरं होईना म्हणून शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांना मुभा देतं. राज्याचं सर्वेक्षण यात कुठं बसतं, ते मला दिसत नाही. कामचुकारपणा खपत नाही म्हणणाऱ्या सरकारनंच शिक्षकाला वर्गातून उठवलं.

बाईचं काम कोणतं आणि सरांचं कोणतं हे ठरवणारा साचा पुरुषांनाही सोडत नाही. साहेब भेटीला आले की सर फाईल घेऊन खुर्चीवर, बाई आरतीचं ताट घेऊन दारात. सरांना कवायत, शिस्त, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कचेरीच्या खेपा. बाईंना रांगोळी आणि स्नेहसंमेलनातले नाच. पहिलीच्या पोरांत रमणाऱ्या सरांकडे गाव संशयानं पाहतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये शिक्षकांचा पोशाख ठरवून दिला: बाईंना साडी किंवा ओढणीसह सलवार-कुडता, सरांना शर्ट-पँट. वर्गात काय शिकवावं हे ज्याला ठरवू दिलं जात नाही, त्याला काय नेसावं हेही ठरवू न देणं मग सोपं होतं.

वर्गातला निर्णय हातात नसणं सीमाभागात तर जास्तच बोचतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, परिपत्रक कन्नडात आणि मुलाच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ. कोणत्या मुलाला कुठून उचलायचं, हे बेंगळुरूच्या टेबलावर ठरूच शकत नाही. ते त्या बाकासमोर उभ्या असलेल्या माणसालाच कळतं.

म्हणून मागणं अगदी साधं आहे. टाचण बदलण्याचा अधिकार शिक्षकाला लेखी द्या. बदलाचं कारण त्यानं वहीत लिहावं आणि तपासणीला येणाऱ्या समूह साधन व्यक्तींनी (सीआरपी) आधी ते वाचावं. कलम २७ प्रत्येक शाळेच्या फलकावर लावा. अतिथी शिक्षकांना बाराही महिन्यांचा पगार द्या. आणि येत्या जूनमध्ये वर्ग वाटताना पहिली एखाद्या सरांकडे द्या, बीईओ कचेरीतली फाईल बाईंकडे.