नक्षत्रांचीं नांवें

बारसें जवळ आलें कीं घरांत नांवांचा खल सुरू होतो. रोहिणी, रेवती, स्वाती, चित्रा हीं नांवें हल्लीं सर्वांनाच गोड वाटतात. परंतु नक्षत्राचें, वृक्षाचें वा नदीचें नांव असलेली मुलगी मनुस्मृतीनें विवाहास वर्ज्य सांगितली आहे! तरीही गोदाकांठच्या आपल्या बीड जिल्ह्यांत गंगा, तुळसा हीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं, आणि त्यांपायीं लग्नें अडलीं नाहींत.

भय मात्र उरलें आहे. राक्षसभुवनास शनिदेवाला आपण भक्तीनें तेल वाहतों, पण मुलाचें नांव शनि ठेवीत नाहीं. तें असो. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्यास वाईट, म्हणून चांगलें स्थळ नाकारणें मात्र सुशिक्षित घरास शोभत नाहीं. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या नांगीतील तारे. त्यांतील ठळक ताऱ्याचा प्रकाश येथें पोहोंचावयास शतकें लागतात. आज दिसणारा किरण निघाला, तेव्हां ना ही वधू होती, ना तो सासरा.

नक्षत्रांचीं नांवें अवश्य ठेवावीं. उन्हाळ्यांत स्वाती व चित्रा, हिवाळ्यांत रोहिणी गच्चीवरून सहज दिसते. नातीला तिच्या नांवाची तारका आजीनेंच दाखवावी.