हिवाळ्यानंतरची मोटरसायकल आणि उत्तरदायी गद्य

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मोटरसायकल हे बारमाही वाहन नाही. नोव्हेंबरच्या सुमारास बहुतेक गाड्या गॅरेजमध्ये जातात आणि रस्त्यांवरचा बर्फ सरल्यावर, एप्रिलच्या आसपास, पुन्हा बाहेर येतात. रॉबर्ट पर्सिग हा याच प्रदेशातला लेखक. १९२८ साली मिनिआपोलिसमध्ये जन्मलेला. त्याचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वर्गांत आणि चर्चासत्रांत त्याचा विषय निघतो तेव्हा ‘गुणवत्ता’ या संकल्पनेवर, अभिजात आणि रोमँटिक दृष्टीवर पुष्कळ बोलले जाते. मोटरसायकल मात्र एक सोयीचे रूपक म्हणून बाहेर उभी राहते. प्रस्तुत लेखकाची हरकत आहे ती इथेच. गाडीची देखभाल हा त्या पुस्तकाचा अलंकार नव्हे, ती त्याची विचारपद्धती आहे. हिवाळाभर बंद राहिलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम डोळ्यांसमोर ठेवले, तर हे स्पष्ट होते.

बंद गाडी स्थिर दिसते. प्रत्यक्षात तिच्यात पाच महिने काही ना काही घडतच असते. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. उरलेला भाग हवेतील ऑक्सिजनच्या संयोगाने चिकट होतो आणि कार्बोरेटरच्या जेटमधील बारीक छिद्रे बुजवतो. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. बॅटरी न वापरताही उतरत जाते. पुरती उतरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठू शकतो. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र तिथली थंडी सोसते. टायरमधली हवा झिरपते. आणि एअर फिल्टरच्या उबदार पेटीत उंदीर घर करतात.

म्हणून या कामाला क्रम आहे. वसंताच्या पहिल्या उन्हात मालकाचा हात प्रथम स्टार्टरच्या बटणाकडे जातो. वास्तविक ती कृती शेवटची. आधी एअर फिल्टर उघडून पाहावा, नाहीतर उंदरांनी जमवलेला कचरा इंजिन ओढून घेईल. शिळे पेट्रोल काढून ताजे भरावे. बॅटरी भरून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी, साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती धड आहे. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले आम्ल आणि पाणी साठलेले असते. शरदात बदलले नसेल तर आता बदलावे. ब्रेक ऑइलही पाणी शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ऐन उतारावर ब्रेक मऊ पडू शकतो. टायरच्या कडेला भेगा आहेत का ते पाहावे. तिथल्या चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिलेले असते. चेनला ऑइल द्यावे. ब्रेक धरून पाहावेत. मगच बटण. इतके करून रस्त्यावर आल्यावरही, बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू वळणांवर तशीच पडलेली असते, हे विसरू नये.

यातली प्रत्येक पायरी एका ‘कारण’ या शब्दावर उभी आहे. पर्सिगने हेच एका फजितीतून सांगितले आहे. पुस्तकातील निवेदक एका जुन्या प्रवासात मुसळधार पावसात सापडतो आणि गाडी बंद पडते. टाकी हलवली तर आत पेट्रोल डचमळते. तेव्हा दोष पावसाचाच, असे तो गृहीत धरतो. प्रवास सोडून घरी परततो. दोन आठवड्यांनी कळते की पेट्रोल संपलेले होते. डचमळत होते ते रिझर्व्हमधले, आणि रिझर्व्ह सुरू करायचे त्याला सुचलेच नव्हते. पाऊस डोळ्यांपुढे होता, म्हणून तोच कारण ठरला.

आपल्या समीक्षेत असे पाऊस पुष्कळ आहेत. कवितेतील तुटकपणाला महानगर जबाबदार, कादंबरीतील विषादाला लेखकाचे बालपण जबाबदार, आणि उरलेल्याला एखादा ‘वाद’. ही कारणे खोटीच असतात असे नाही; पण ती ठरवण्यापूर्वी आपण टाकीचे झाकण उघडलेले नसते. फरक इतकाच, की चुकीचे निदान झालेली गाडी जागची हलत नाही. चुकीचे निदान झालेली कविता वर्षानुवर्षे अभ्यासक्रमात चालत राहते.

यावर आक्षेप येईल की माहितीपुस्तिकेचे गद्य कोरडे, एकार्थी आणि निर्जीव असते. साहित्याच्या वर्गात त्याचे काय काम? आक्षेप अगदीच निराधार नाही. खुद्द पर्सिग तंत्रविषयक पुस्तिका लिहून पोट भरत होता, आणि त्याच्या पुस्तकात मांस भाजण्याच्या यंत्राच्या जोडणीसूचनांवर एक दीर्घ संवादच आहे. जोडणीचा जणू एकच मार्ग असतो असा आव या सूचना आणतात, ही त्याची तक्रार. म्हणजे त्याने या गद्याची भलावण केली नाही. त्याची समीक्षा केली. आपण मात्र ते समीक्षेच्या लायकीचेच मानले नाही.

मराठीपुरता हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आपल्याकडे गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवत नाहीत, पण लांब सुटीत वसतिगृहाखाली धूळ खात पडणाऱ्या गाड्या कमी नाहीत. आणि २०२५ साली देशातील पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचल्यापासून त्यांच्या टाकीचा विचारही करायला हवा. गॅरेजमधला मिस्त्री या सगळ्याविषयी नेमके, चपळ मराठी बोलतो. ते कागदावर उतरताना एकतर इंग्रजीत जाते, नाहीतर कुणालाही न कळणाऱ्या पारिभाषिक मराठीत.

तेव्हा सूचना साधी आहे. पदवीच्या वर्गात पर्सिग शिकवावा आणि सोबत एक लेखन द्यावे: दोन महिने बंद असलेली दुचाकी चालू करण्याची कृती, कारणांसह, एका पानात, मराठीत. ते पान दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि त्याबरहुकूम त्याला काम करू द्यावे. जिथे तो अडेल, तिथे वाक्य चुकले आहे.