हरितगृहाचा ताळेबंद

लग्नसराई आली की हिमायतनगरातील मंडपांसाठी गुडीमलकापूरच्या बाजारातून जरबेराची फुले येतात. ती बहुधा हरितगृहात वाढलेली असतात, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते.

२०१४ साली तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर शासनाने हरितगृहांस ७५ टक्के अनुदान देऊ केले. केंद्राच्या योजनेत ते ५० टक्के होते. हेतू स्तुत्यच होता. परंतु दुकान थाटणे निराळे आणि चालविणे निराळे, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको. अनुदानाचा मोठा भाग सांगाडा उभारण्यास जातो. पुढे रोपे, खते, वीज यांचा खर्च चालूच राहतो, प्लास्टिकचे आच्छादन काही वर्षांनी बदलावे लागते, आणि शीतगृहावाचून फूल टिकत नाही. १९९१ नंतर पुणे, बंगळूर व हैदराबादच्या परिसरात निर्यातीसाठी निघालेले कित्येक फूलप्रकल्प महागडे परकी तंत्र व विमानभाडे यांच्या भाराखाली बुडाले, हा धडा विसरता कामा नये.

म्हणून आमचे नम्र मत असे की, अनुदानाचा काही अंश शीतगृह, प्रतवारी व खेळते भांडवल यांकडे वळवावा. छपरावरील पाणी साठविण्याची अटही घालावी. एक एकर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे २८ लाख लिटर पाणी मिळते.

आणि आपण? उघड भाव, चोख वजन व वेळेवर चुकता हिशेब एवढे तर आपल्याच हाती आहे. पिकविणारा टिकला, तरच पेढी टिकेल.