ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी वही उघडा, मग कॅबिनेट



लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" विचारणारे आपलेच असतात. कुणाचा वसमतला फोटो स्टुडिओ, कुणाचं कळमनुरीला फ्लेक्सचं दुकान, कुणाचं सेनगावात डीटीपी-झेरॉक्स, कुणी औंढ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कार्ड बसवायचं कसं, ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

मत दोन वाक्यांचं आहे. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कार्डाची गरजच नसते. आणि ज्यांना खरंच गरज आहे, त्यांनी ते स्वतःच्या हाताने बसवायला शिकलंच पाहिजे.

पहिलं वाक्य आधी घेऊ. दुकानात सेतूचं काम, सातबाऱ्याच्या प्रिंटा, ऑनलाइन फॉर्म, टॅली, मराठी टायपिंग चालतं? मग प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स भरपूर झालं. कार्डावर एक रुपया घालू नका. फ्लेक्सवाले म्हणतील, आमच्या फाइली मोठ्या. खरं आहे. पण कोरलड्रॉ आणि फोटोशॉपमध्ये मोठी फाइल अडकते ती बहुतेक वेळा रॅम कमी म्हणून, नाहीतर जुन्या हार्डडिस्कमुळे. ८ जीबीची रॅम १६ केली आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली, तर जो फरक दिसेल तो कार्डाने दिसणार नाही.

हे माझ्या सांगण्यावर मानू नका, मशीनलाच विचारा. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. मशीन अडकतं त्या क्षणी काय १०० टक्क्यांना टेकलंय ते बघा. मेमरी भरली असेल तर रॅम घ्या. डिस्क भरली असेल तर एसएसडी घ्या. जीपीयू १०० वर असेल, तरच कार्डाचा विषय काढा.

व्हिडिओवाल्यांची गोष्ट वेगळी. कलर करेक्शन, इफेक्ट, फोर-के फुटेज, या कामात कार्ड खरंच राबतं. पण इथेही एक हिशोब चुकतो. लोक म्हणतात, "एक्सपोर्टला तीन तास लागतात, कार्ड घेतलं की एक तासात होईल." बरं, वाचलेल्या दोन तासांचं तुम्ही काय करणार? एक्सपोर्ट रात्री लावून घरी जात असाल, तर त्या दोन तासांची किंमत शून्य आहे. मशीन झोपेत काम करतंय, करू द्या. पैसे जातात ते तुम्ही खुर्चीत बसून वाट पाहता तेव्हा. टाइमलाइन अडखळते, प्रीव्ह्यू थांबतो, समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं, तो वेळ तुमचा जातो.

म्हणून सात दिवस एक वही ठेवा. रोज खुर्चीत बसून किती मिनिटं वाट पाहिली, फक्त एवढंच लिहा. समजा रोजची ४० मिनिटं निघाली. महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण १७ तास झाले. या १७ तासांत तुम्ही आणखी एक अल्बम किंवा एक व्हिडिओ करून देणार असाल, आणि तसं गिऱ्हाईक हातात असेल, तर कार्ड किती महिन्यांत फिटेल हे तुम्हीच काढू शकता. गिऱ्हाईकच नसेल, तर कार्डाने गिऱ्हाईक येत नाही. शेजारच्याने घेतलं म्हणून हप्त्यावर कार्ड घेणं याला गुंतवणूक म्हणत नाहीत, हौस म्हणतात. हौस करा, पण धंद्याच्या पैशातून नको.

आता घ्यायचंच ठरलं, तर कार्डाआधी एसएमपीएस बघा. मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरने द्यावी लागते. ६ पिनची वायर ७५ वॅट, ८ पिनची १५० वॅट. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत ऑफिसातून निघालेले, रिफर्बिश केलेले छोटे ब्रँडेड डेस्कटॉप असतात. त्यांचा एसएमपीएस लहान असतो आणि ही वायर बहुधा नसतेच. तिथे दुकानदार कन्व्हर्टर वायर देतो, "चालतंय दादा" म्हणतो. हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर लावू नका. ती पिन साधारण ५४ वॅटसाठी बनवलेली असते. त्यावर ७५ वॅट ओढले तर प्लॅस्टिक वितळतं.

अशा मशीनला स्लॉटवरच चालणारं कार्ड बघा. जीटीएक्स १६५० ची ७५ वॅटची, वेगळी पिन नसलेली मॉडेल येतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं आहे. पण त्याच नावाचं ८ जीबीचं मॉडेल १३० वॅटचं आणि त्याला वायर लागते. नाव एक, वीज दुप्पट, म्हणून खोका नीट वाचा. छोट्या कॅबिनेटला लो-प्रोफाइल कार्डच बसतं, टेप घेऊन आतली जागा मोजा. आणखी एक. स्वस्त म्हणून व्हिडिओसाठी जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० घेऊ नका. या दोन्हींत व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे एक्सपोर्टचा भार पुन्हा प्रोसेसरवर.

यूपीएसही तपासा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यात मॉनिटरही आला. लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर अर्धा एक्सपोर्ट गेला.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद केलं आणि दिवसरात्र तापलेली असंख्य कार्डं बाजारात आली. शिवाय जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली नकली कार्डंही फिरतात. पैसे देण्याआधी चालू मशीनवर जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडून बघा. ओळखीची बनावट असेल तर ते तसं स्पष्ट दाखवतं. विकणारा मशीनला लावून दाखवायला तयार नसेल, तर उठा.

आता दुसरं वाक्य, स्वतः बसवायचं. काम किती आहे बघा. जुना ड्रायव्हर काढा. मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडा, आतली धूळ ब्रशने झाडा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा हे विसरू नका. मागची पट्टी काढा, कार्ड सगळ्यात लांब स्लॉटवर सरळ धरून टक् आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू आवळा, लागत असेल तर वायर लावा. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला जोडा. "कार्ड बसवलं पण फरकच नाही" म्हणणाऱ्यांची केबल खूपदा जुन्याच जागी असते. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. घाई न करता पाऊण तास.

कुणी म्हणेल, मेकॅनिकचं पोट का मारता? मारत नाही. मदरबोर्ड गेला, एसएमपीएस जळाला, तर त्याच्याकडेच जा आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. वॉरंटीचा मुद्दाही रास्त आहे. मशीन वॉरंटीत असेल, कॅबिनेटला सील असेल, तर आधी विचारून घ्या. पण ऐन लग्नाच्या तारखांत फक्त एक कार्ड बसवायला मशीन नांदेडला पाठवून चार दिवस दुकान रिकामं ठेवणं मला पटत नाही. शेतकरी मोटारीचा फ्यूज स्वतः बदलतो. स्कूटरवाला प्लग स्वतः साफ करतो. ज्या मशीनवर तुमच्या घराची चूल पेटते, तिचं झाकण उघडायला तुम्ही का घाबरता?

आणि झाकण एकदा उघडलं की आणखी एक गोष्ट घडते. दुकानदार "हे बदलावं लागेल" म्हणाला, तर तुम्ही "दाखवा" म्हणू शकता. कार्डाच्या किमतीपेक्षा ही गोष्ट जास्त पैसे वाचवते.

बिल मात्र पक्कं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तेच लागतं. तुम्ही जीएसटीत रेग्युलर नोंदणी असलेले असाल, तर आपला नंबर टाकून बिल मागा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही, त्यांनी पूर्ण किंमत धरूनच हिशोब करावा.

तर आजपासून वही सुरू करा. सात दिवसांनी जो आकडा निघेल तो मला कळवा, मग कार्डाच्या मॉडेलवर बोलू. आकडा रोज दहा मिनिटांच्या आत आला, तर ते पैसे पेटीत ठेवा आणि कामाला लागा.