पावडरीचा डबा आणि आजीचं ताट

वस्तीत फिरताना हल्ली बऱ्याच घरांत फळीवर प्रथिनांच्या पावडरीचा डबा दिसतो. सत्तरीच्या बाईला जिना चढवेना, मोरीतून उठताना भिंत धरावी लागते. मग डॉक्टर डबा लिहून देतात, मुलगा आणतो, आणि सगळ्यांचं कर्तव्य संपतं.

वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरंच. १९८९ मध्ये या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव मिळालं. पण उपाय डब्यात आहे, हे कुणी ठरवलं? बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७, त्यात ६३ बाया. ज्यांनी दहा आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम केला, त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पूरक पेय पिणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

मग बाईला व्यायाम का सांगत नाहीत? "जन्मभर राबली, आता कसला व्यायाम?" असं सुनाही म्हणतात. मैत्रिणींनो, राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात भार बेताबेताने वाढवायचा, मधे विश्रांती घ्यायची, वर पोटभर जेवायचं. राबण्यात यातलं काय असतं?

आणि ताट! राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीने ४५ किलोच्या बाईला रोज सुमारे ३७ ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात त्याहून जास्त, असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. शेवटी जेवणारीच्या वाटीत येतं आमटीचं वरचं पाणी. अंडं नातवाला, दूध चहापुरतं, शिवाय चतुर्थी-एकादशी आहेतच. हे साठीनंतर सुरू झालेलं नाही, परकरात होती तेव्हापासूनचं आहे. श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांतून डबा घेण्यापेक्षा डाळ, शेंगदाणे, अंडी येतील. (चावताच येत नसेल तर पावडर जरूर घ्यावी, मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.)

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मला म्हातारी भेटली ती 'लाभार्थी' म्हणून. तिच्या मांडीतल्या ताकदीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आमच्या वस्तीतलं समाजमंदिर सकाळ-संध्याकाळ पोरांच्या डंबेल्ससाठी उघडं असतं, दुपारी कुलूप. तो दुपारचा एक तास आम्हाला हवा आहे. सामान फार नाही: भक्कम खुर्च्या आणि पायाला बांधायला वाळूच्या पिशव्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, जमेल तसं वाढवायचं. अर्ज तयार आहे. सह्यांसाठी बुधवारी या. सुनांनीही यावं.