सरासरीच्या चाळणीतून निसटलेले विश्व

१९८६ साली व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका पातळ कापातील सुमारे अकराशे दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला. साबणाच्या फेसात बुडबुड्यांच्या भिंती असाव्यात, तशा दीर्घिका विस्तीर्ण पोकळ्यांच्या कडांवर दाटल्या होत्या. जेम्स पीबल्स प्रभृतींनी त्याआधीच दीर्घिकांचे द्विबिंदू सहसंबंध फलन मोजले होते. एका दीर्घिकेपासून ठरावीक अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता निव्वळ यदृच्छेपेक्षा किती अधिक, हे ते फलन सांगते. उत्तर एका साध्या घातनियमात बसत होते. त्या नियमात फेस मात्र कोठेच नव्हता.

याचे कारण मापाच्या घडणीतच आहे. घनतेतील चढउतार अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज मानले, तर हे फलन प्रत्येक लांबीच्या लाटांचा जोर किती ते नोंदवते. कोणाचा माथा कोठे येतो, ते सोडून देते. माथ्यांच्या जागांची सरमिसळ करा, फलन जसेच्या तसे राहील आणि जाळे विरून जाईल. कवितेतील शब्द विस्कटले तरी त्यांची वारंवारिता बदलत नाही, कविता मात्र उरत नाही, तसेच हे.

म्हणून हे माप खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणात लाटांचे माथे जवळजवळ परस्परनिरपेक्ष आढळले. अशा विश्वाचे वर्णन करण्यास द्विबिंदू फलन जवळपास पुरते. पुढे गुरुत्वाकर्षणाने लाटा एकमेकींत गुंतवल्या आणि आकार त्या गुंत्यात उतरला. माप तेच राहिले, विश्व पुढे गेले.

डोळ्यावर विसंबणे हाही उपाय नव्हे. यदृच्छेने पडलेल्या ठिपक्यांतही डोळा रेषा शोधतो. पुण्याच्या आयुकातील वरुण साहनी यांनी सत्यप्रकाश व शांडारिन यांच्यासह १९९८ मध्ये आकार ओळखणारी मापे सुचवली, ती याच पेचातून. रचना तंतूसारखी की पापुद्र्यासारखी, हे ती विचारतात. अर्थात तीही काही सांगतील, काही गाळतील.

प्रत्येक माप हा एक प्रश्न असतो. जे विचारलेच नाही त्याबद्दलचे त्याचे मौन 'तेथे काही नाही' असे वाचणे, ही चूक मापाची नव्हे, वाचकाची. साहित्यकृतीतील शब्द मोजू लागलेल्या आपल्या समीक्षेनेही हे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.